पाकिटातले जिवाणू आणि आपली बोडी

पावसाळ्यात लाखनीकडच्या बोड्यांमध्ये मत्स्यबीज सोडलं की दुकानात प्रोबायोटिकची पाकिटं दिसू लागतात. ‘मासे दुप्पट वाढतात’ असं सांगून ती विकली जातात. गटाच्या पैशातून ती घ्यावी का, यावर आज बोलू.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जिवाणू. दुधाला विरजण लावतो तेव्हा हेच काम करतात. पाकिटात बहुधा दह्यातल्या जातीचे लॅक्टोबॅसिलस, मातीतले बॅसिलस, नाहीतर पाव फुगवणारं यीस्ट असतं. रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नसतं, सगळं लांब आतड्यात पचतं. तिथे हे जिवाणू कोंडा आणि ढेप पचायला मदत करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. म्हणजे खाल्लेलं अंगी लागतं. पण मुळात खायलाच नसेल तर अंगी काय लागणार?

म्हणून मोठ्या मामा तलावात, जिथे आपण खाद्य टाकत नाही, तिथे यावर पैसा घालू नये असं आमचं मत आहे. बोडीत रोज खाद्य टाकत असाल तर आधी तेच पुरेसं आहे का ते बघा. 100 किलो माशांना दिवसाला साधारण 2 ते 3 किलो लागतं. त्यानंतर पाकिटाचा विचार.

घेतलंच तर जिवाणू जिवंत राहायला हवेत. पाकीट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, तारीख बघा. पेज गरम असताना पूड मिसळली तर दह्यातले जिवाणू मरतात. अँटिबायोटिकसोबत दिली तरी तेच होतं. आणखी एक, पाण्यात टाकायची पूड वेगळी असते. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. आभाळ आलेलं असेल, पहाटे मासे वर तोंड काढत असतील, तर त्या दिवशी पूडही नको आणि खाद्यही नको.

शेळ्यांचं थोडं निराळं आहे. त्यांच्या कोटीपोटात आधीच असंख्य जिवाणू असतात. चारा बदलताना यीस्टचा उपयोग होऊ शकतो. मात्र शेळीनं खळ्यावरचं धान भरपूर खाल्लं, पोट फुगलं, ती सुस्त झाली, तर पाकिटाच्या भरवशावर वेळ घालवू नका. लगेच पशुवैद्याला बोलवा.

या पाकिटांना एवढी मागणी का आली? पूर्वी वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालत. त्यानं औषधांना न जुमानणारे रोगजंतू तयार होतात, आणि ते माणसांपर्यंतही पोचतात. युरोपीय संघानं वाढीसाठीचा हा वापर 2006 पासून बंद केला. आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जाणाऱ्या कोलिस्टिनवर 2019 मध्ये बंदी आली. त्या जागी प्रोबायोटिक चांगलंच, पण ‘दुप्पट’ हा दुकानदाराचा शब्द आहे.

गटातल्या दोघींनी एकाच वयाची करडं निवडावी. निम्म्यांना पूड द्या, निम्म्यांना नको, चारा सारखाच. महिन्यानं दोन्हींचं वजन करून वहीत लिहा, आणि पुढचं पाकीट त्या वहीकडे बघून घ्या.