जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारे घर अक्का म्हणते, यांचा लॅपटॉप २०१६ साली घेतलेला. पडदा स्वच्छ, कळफलकाची एकही कळ निखळलेली नाही. तरीही दुकानदाराने तपासून सांगितले की तो आता मोडीत काढावा. "अरे, चालतोय ना अजून? मग मोडीत कशाला?" हा अक्कांचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

दुकानदाराच्या सांगण्यामागचे कारण खरे होते. त्या लॅपटॉपवरील विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यामुळे संगणक बंद पडत नाही; परंतु सुरक्षेत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजविल्या जात नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अक्कांच्या लॅपटॉपमधील प्रोसेसर सहाव्या पिढीचा.

अशा यंत्रासाठी लिनक्स हा पर्याय उपलब्ध आहे. त्याचा गाभा १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. या गाभ्याभोवती रचलेल्या अनेक प्रणालींपैकी आम्ही 'लिनक्स मिंट' निवडली. २००६ पासून चालत आलेली ही प्रणाली मोफत आहे, तिचा पडदा विंडोज वापरणाऱ्यास परका वाटत नाही, आणि चार जीबी रॅमवर ती सुखाने चालते.

प्रथम सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्यावी लागते. ती पूर्ण व निर्दोष उतरली का, हे पडताळण्यासाठी अधिकृत संकेतस्थळावर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ दिलेली असते. आपल्या संगणकाने काढलेली ओळ तिच्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. बँकेत दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आम्ही कोणी घरी गेलो नाही, त्यामुळे मला ही रीत फार आवडली. मग 'रूफस' या छोट्या प्रोग्रामच्या साहाय्याने ती फाइल आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते या वेळी पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

लॅपटॉप सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या बनावटीची ठरलेली कळ दाबली की पेनड्राइव्हवरून चालू करण्याचा पर्याय मिळतो. येथे लिनक्सचा एक मोठा गुण दिसतो. हार्डडिस्कला स्पर्श न करता संपूर्ण प्रणाली नुसती चालवून पाहता येते. चाल थोडी संथ असते, परंतु वायफाय जुळते का, आवाज येतो का, छपाई होते का, हे सारे निर्णयापूर्वीच कळते. आम्ही दोन दिवस असेच पाहिले. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला. वर्ड व एक्सेलच्या फाइली लिब्रे ऑफिसमध्ये उघडल्या. एका तक्त्याची मांडणी थोडी विस्कटली, आकडे मात्र शाबूत होते.

व्यापारी बंधूंना येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची जुळवणी कधी कधी त्रासाची ठरते. ज्या संगणकावर दुकानाचे हिशेब आहेत, तेथे घाईने हा प्रयोग करू नये. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवता येते. पण संगणक एकच व काम रोजचे असेल तर तोही धोका मी पत्करणार नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रणाली बसवताना 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' असा एक पर्याय येतो. त्यावर होकार दिला की परतीचा मार्ग उरत नाही. म्हणून त्यापूर्वी मी अक्कांच्या सर्व फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या, निदान माझी तशी समजूत होती. सवयीने दोन्हीकडची संख्या ताडून पाहिली. लॅपटॉपवर ४३१२ फाइली, नकलेत ४२७५. सदतीसचा फरक. भाचा म्हणाला, "मामा, असतील काहीतरी फुटकळ." फरक शंभराचा असो वा एका पैशाचा, शोधल्याविना सोडायचा नाही, हे अंगात मुरलेले; शोधत बसलो. पडद्यावरच ठेवलेला 'आई' नावाचा फोल्डर मी घेतलाच नव्हता. दस्तऐवज आणि छायाचित्रे या दोन ठिकाणीच मी पाहिले होते. त्यात आईने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. आई जाऊन सहा वर्षे झाली. अन्यत्र कोठेही त्याची प्रत नव्हती.

चूक सर्वस्वी माझी. त्या रात्री मी प्रणाली बसवली नाही. दुसऱ्या दिवशी दोन स्वतंत्र ठिकाणी प्रती केल्या, संख्या जुळवली, आणि केवळ संख्येवर न थांबता प्रत्येक ध्वनिफीत नकलेतून वाजवून पाहिली. विंडोजची डिस्क कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्तीची किल्ली आधी लिहून ठेवावी, हेही तेव्हाच वाचनात आले. त्यानंतरच पुसण्याच्या पर्यायास होकार दिला. पुढचे काम पाऊण तासाचे. भाषा, वेळ, नाव, पासवर्ड एवढेच विचारले गेले.

लॅपटॉप आता पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो. आईच्या ध्वनिफितींची एक प्रत भाच्याकडे आणि एक माझ्या कपाटात आहे. अक्कांचा जुना स्कॅनर मात्र अद्याप जुळलेला नाही. त्याबद्दल त्या मला रोज दूरध्वनीवर विचारतात.