भुतांना नाचवणारा संगीतकार

सत्यजित राय म्हटलं की आपल्याला 'पथेर पांचाली' आठवतो. बंगाली मुलांना मात्र ते आधी भेटतात ते गुप्तहेर फेलूदाचे लेखक म्हणून आणि सिनेमातल्या गूपी-बाघा या जोडीच्या गाण्यांचे संगीतकार म्हणून. ही दोन्ही कामं सिनेमातून उरलेल्या वेळात केलेली नव्हेत. दोन्हींची सुरुवात १९६१ सालची, आणि पुढची तीस वर्षं ती एकमेकांना पोसत राहिली.

त्याआधीच्या चित्रपटांना रविशंकर, विलायत खाँ, अली अकबर खाँ यांचं संगीत होतं. पण हे सगळे मैफलींचे कलावंत, सतत दौऱ्यावर. शिवाय पटकथा लिहितानाच रायांच्या डोक्यात सुरावटी तयार होऊ लागल्या होत्या. 'तीन कन्या'पासून त्यांनी संगीत स्वतःकडे घेतलं. चाल शिट्टीवर किंवा पियानोवर बसवायची आणि मग स्वरलिपीत उतरवायची, अशी त्यांची रीत.

त्याच वर्षी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासोबत त्यांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक पुन्हा सुरू केलं. आजोबा उपेंद्रकिशोरांनी ते १९१३ मध्ये काढलं होतं. वडील सुकुमार रायही त्यात लिहीत. अंक भरायचा तर मजकूर हवा, म्हणून नातू लिहायला बसला. त्यातून आधी शास्त्रज्ञ प्रोफेसर शंकू आला, १९६५ मध्ये फेलूदा. चित्रंही त्यांचीच.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या 'गूपी गाइन बाघा बाइन'मध्ये (१९६९). कथा आजोबांची, आपल्यासाठी एखादा सिनेमा करा, हा हट्ट मुलाचा, संदीपचा. गीतं आणि संगीत रायांचं. त्यातला भुतांचा नाच मी कितीही वेळा पाहू शकतो. साडेसहा मिनिटांच्या आसपासचा हा नाच. भुतांच्या चार जाती: राजे, साधी माणसं, गोरे साहेब आणि ढेरपोटे. वाद्यंही चारच, मृदंगम्, घटम्, कंजिरा आणि मोरसिंग, सगळी कर्नाटक संगीतातली. चाल नाहीच, नुसता ताल. आधी भुतं ऐटीत नाचतात, मग आपसात भांडतात, लय चढत जाते आणि सगळी मरतात. शब्द एकही नाही, तरी पाच वर्षांच्या पोराला सारी गोष्ट कळते. मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाचा कान तो हाच.

याच जोडीच्या 'हीरक राजार देशे'मध्ये (१९८०) त्यांनी उलटा खेळ केला. राजा आणि त्याचे दरबारी यमकात बोलतात. साधं गद्य बोलतो तो शाळामास्तर. कुणाची बुद्धी गहाण पडली आहे, हे मुलांना कानानेच कळतं. या चित्रपटासाठी गीतं आणि संगीत या दोन्हींचे राष्ट्रीय पुरस्कार रायांना मिळाले.

त्यांच्या घरखर्चाचा मोठा भार पुढे फेलूदा-शंकूच्या पुस्तकांनीच उचलला. चित्रपटांनी नाव दिलं, पैसा बेताचाच. हिशेब पाहिला तर मुलांच्या पुस्तकांमुळेच त्यांना हवे तसे सिनेमे काढता आले, असं मी म्हणेन.

आपल्या मुलांनाही हा लेखक परका नाही. फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आल्या आहेत. सुरुवात वेरूळच्या कथेपासून करावी. भुवनेश्वरच्या मंदिरातून चोरलेल्या यक्षीच्या शिराचा माग काढत फेलूदा औरंगाबादला उतरतो आणि थेट कैलास लेण्यात पोहोचतो.