उकिरड्याच्या मातीतला फाज

सकाळी ९

इन्क्युबेटरमधून काढलेल्या प्लेटा आधी खिडकीच्या उजेडात धरायच्या. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसचा दुधी थर, आणि फाजने, म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूने, जिवाणू फोडले तिथे ठिपके, म्हणजे प्लाक. आजचे काही आरपार स्वच्छ, काही गढूळ. गढूळ ठिपक्यातला फाज बहुधा जिवाणूच्या डीएनएत मुक्काम ठोकून गप्प राहू शकणारा. उपचाराला हवा असतो तो स्वच्छवाला. तरी दोन्ही उचलते, वेगळ्या नळ्यांत.

सकाळी १०.३०

नवा नमुना, भाजीपाल्याच्या उकिरड्याखालची ओलसर माती. स्मेग्मॅटिसचे भाईबंद मातीत राहतात, त्यांचे फाजही तिथेच सापडतात. बफरमध्ये ढवळून सेंट्रिफ्यूज केली. वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं. जिवाणू अडकतात, फाज पार होतात.

सकाळी ११.३०

गाळलेलं पाणी कल्चरमध्ये मिसळून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, फाज जिवाणूला चिकटेपर्यंत. कॅल्शियम क्लोराइड हवंच. कल्चरच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एरवी ट्वीन घालतो, पण तेच फाजला आडवं येतं, म्हणून इथे बिनट्वीनचं कल्चर. मग ५५ अंशांवर पातळ ठेवलेलं सॉफ्ट अगार घालून तडक प्लेटवर. रेंगाळलं की अगार गोठतं, आणि त्यातला बुडबुडा नवख्याला प्लाक वाटतो. प्लेटा ३७ अंशांवर ठेवल्या. थर दिसायला एक-दोन दिवस.

दुपारी २

शुद्धीकरण. एक ठिपका उचला, विरळ करा, पुन्हा ओता.

“मॅडम, दुसऱ्या फेरीतच सगळे सारखे दिसताहेत. पुढे जाऊ?”

“नाही गं, तिसरी फेरी करच.”

एका ठिपक्यात दोन फाज शेजारी नांदू शकतात. मिश्रण तसंच सीक्वेन्सिंगला गेलं, तर येणारा जीनोम धड कुणाचाच नसतो.

दुपारी ४

शुद्ध फाजचा टायटर. समजा, दहा लाख पट विरळ केलेल्या द्रवाच्या १० मायक्रोलिटरमधून ४० प्लाक आले, तर मूळ द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० कोटी फाज. डीएनए काढायला एवढी गर्दी लागते. आधी डीएनेज आणि आरएनेज घालायचे: फुटलेल्या जिवाणूंचा मोकळा डीएनए-आरएनए नष्ट होतो, फाजचा डीएनए कवचात सुरक्षित राहतो.

सायंकाळी ५.३०

नोंदवही. माती कुठली, अक्षांश-रेखांश, प्लाक कसा, टायटर किती. हे काम मी कुणाला टाळू देत नाही. २०१० मध्ये डर्बनच्या एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्याच्या बुडाशी एक फाज सापडला. नाव ठेवलं मडी. तो पिट्सबर्गमध्ये फाज-संशोधक ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात राहिला. २०१८ मध्ये लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका मुलीला फुफ्फुसरोपणानंतर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससचा संसर्ग होता आणि अँटिबायोटिक्स हरली होती. तेव्हा तीन फाजचं मिश्रण दिलं गेलं, त्यात मडी होता. तो जात्याच जिवाणू फोडणारा. उरलेले दोघे गढूळ ठिपक्यांच्या जातीचे, त्यांचं गप्प बसवणारं जनुक काढावं लागलं. मुलीची प्रकृती सुधारली. नोंद पक्की नसती, तर त्या गर्दीतून मडीला कुणी कसं शोधलं असतं?

म्हणून आजचा गढूळवालाही नोंदवून थंडीत ठेवला. स्वच्छवाल्याचा डीएनए उद्या एन्झाइमांनी कापून जेलवर चढवायचा.