विकी-पानांचे शैलीस्वातंत्र्य आणि त्याच्या मर्यादा

वाचकानेच लेखक व्हावे, या तत्त्वावर विकी या लेखनपद्धतीची उभारणी झाली आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, तेव्हापासून मजकुरात फेरफार करण्याचा अधिकार सर्वांस असावा हे तत्त्व या पद्धतीत दृढ झाले. परंतु मजकुराचे दृश्यरूप, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, समास व तक्त्यांची मांडणी, ठरविण्याचा अधिकारही सर्वांस असावा काय, या प्रश्नाचे उत्तर तितके सरळ नाही. विकिपीडियाचा आधार असलेल्या मीडियाविकी या प्रणालीत या प्रश्नाची उकल कशी करण्यात आली, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

मजकूर आणि त्याची शैली ही एकमेकांपासून वेगळी ठेवावी, हा विचार सीएसएस या शैलीभाषेच्या मुळाशी आहे. होकॉन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने ती विकसित होऊन डिसेंबर १९९६ मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीस प्रमाणरूप लाभले. मीडियाविकीमध्ये या भाषेस पूर्वी मुख्यतः तीन ठिकाणी वाव होता. पहिले, संपूर्ण संकेतस्थळास लागू होणारे सामाईक शैलीपत्रक. ते केवळ मोजक्या प्रचालकांनाच बदलता येते. दुसरे, सदस्याचे वैयक्तिक शैलीपत्रक. त्याचा परिणाम त्या एका सदस्यापुरताच दिसतो. तिसरे, पानातील प्रत्येक घटकाच्या खुणेतच लिहिलेली शैली. सर्वसामान्य संपादकास आपल्या पानाचे रूप सर्व वाचकांसाठी बदलावयाचे असल्यास हा तिसरा मार्गच काय तो मोकळा होता.

हा मार्ग मात्र फार अरुंद होय. वीस रकाने एकाच रंगात दाखवावयाचे असल्यास तीच सूचना वीस वेळा लिहावी लागते, आणि पुढे रंग बदलावयाचा झाल्यास वीसही ठिकाणी हात घालावा लागतो. शिवाय, पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी, अशी सशर्त सूचना घटकाच्या खुणेत लिहिता येत नाही. त्यामुळे रुंद पडद्यासाठी आखलेला तक्ता भ्रमणध्वनीवर चौकटीबाहेर जातो. २०२४ साली विकिपीडियावर गडद पार्श्वभूमीची सोय झाली, तेव्हा हाच दोष दुसऱ्या रूपाने पुढे आला: ज्या चौकटींत केवळ पांढरी पार्श्वभूमी खुणेतच लिहून अक्षरांचा रंग मात्र सांगितलेला नव्हता, तेथे फिकट अक्षरे पांढऱ्यावर पडून वाचेनाशी होत.

मग शैलीपत्रक लिहिण्याची मुभा सर्वांस सरसकट का देऊ नये? सकृद्दर्शनी सौम्य वाटणारी ही भाषा वस्तुतः निरुपद्रवी नाही. तिच्या योगे प्रणालीची बटणे झाकता येतात वा त्यांच्या जागी भलताच मजकूर भासविता येतो. इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत तर शैलीच्या आडून आज्ञावलीही चालविता येत असे. याहून सूक्ष्म धोका असा की, पार्श्वभूमीचे चित्र परक्या सर्व्हरवरून मागविण्याची सूचना लिहिल्यास, पान उघडणाऱ्या प्रत्येक वाचकाचा आयपी पत्ता त्या सर्व्हरच्या चालकास कळतो. चुकलेले वाक्य मागाहून दुरुस्त करता येते, या विश्वासावर विकीचा मोकळेपणा उभा आहे. परंतु एकदा बाहेर गेलेला पत्ता कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. विकीचे नेहमीचे तत्त्व येथे अपुरे पडते, ते याच कारणाने.

या पेचातून टेम्प्लेटस्टाइल्स या पुरवणीने मार्ग काढला. २०१८ साली तिचा वापर विकिमीडियाच्या प्रकल्पांत सर्वत्र रूढ झाला. मराठी विकिपीडियावर ज्यास ‘साचा’ म्हणतात, त्याच्या उपपानावर शैलीपत्रक लिहावयाचे आणि ज्या पानावर ते हवे तेथे एका खुणेने त्याचा निर्देश करावयाचा, अशी ही योजना आहे. इतर पानांप्रमाणे या उपपानालाही संपादनांचा इतिहास असतो. कोणी केव्हा काय बदलले, हे त्यावरून पाहता येते. एकाच पानावर तोच साचा अनेकदा आला, तरी शैलीपत्रक एकदाच घातले जाते.

योजनेचे मर्म तिच्या तपासणीत आहे. निषिद्ध शब्द हुडकून वगळणे, हा उपाय टिकाऊ नव्हे; कारण या भाषेत एखादे अक्षर सांकेतिक अंकांनीही लिहिता येते आणि निषिद्ध शब्द सहज वेषांतर करू शकतो. म्हणून प्रथम संपूर्ण पत्रकाचे व्याकरणदृष्ट्या पृथक्करण केले जाते. प्रत्येक गुणधर्म व त्याचे मूल्य मान्य यादीत बसते की नाही हे पाहिले जाते. आणि पृथक्करणातून निष्पन्न झालेले रूपच नव्याने लिहून ब्राउझरकडे धाडले जाते. मान्य नसलेले काही आढळल्यास पान जतनच होत नाही. चित्रे केवळ मान्य ठिकाणांहूनच घेता येतात. प्रत्येक निवडकास लेखाच्या मजकुराची चौकट दर्शविणारा उपसर्ग जोडला जातो, त्यामुळे ती सूचना चौकटीबाहेरच्या घटकांस लागू होत नाही. पत्रकाच्या आकारासही मूळ प्रणालीत १,०२,४०० बाइटांची मर्यादा आहे.

या पद्धतीस उणिवाही आहेत. शैलीभाषेत नवीन सोय आली तरी मान्य यादीत तिचा समावेश होईपर्यंत थांबावे लागते. शिवाय व्याकरण सुरक्षितता तपासू शकते, अभिरुची नव्हे. भडक वा दुर्वाच्य मांडणी ओळखणे हे काम संपादकांच्याच विवेकावर राहते. हजारो पानांत वापरलेल्या साच्याच्या पत्रकास वेगळे संरक्षणही द्यावे लागते, कारण तेथील एक चूक त्या सर्व पानांवर उमटते.

तथापि या योजनेने एक महत्त्वाची गोष्ट साधली. पूर्वी प्रश्न असे, तो ‘लिहिणारा कोण?’ हा, आता प्रश्न आहे, तो ‘लिहिले काय?’ हा. जेथे प्रचालकांची संख्या अल्प आहे अशा लहान भाषांच्या विकींस या बदलाचे मोल विशेष आहे. कारण तेथे एखाद्या तक्त्याची मांडणी सुधारण्यासाठी कोणाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. मर्यादा माणसावर न घालता लेखनावर घातल्यामुळेच येथे स्वातंत्र्य आणि वाचकाची सुरक्षितता यांचा मेळ बसू शकला.