विल्यम्स संघ का घसरला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८० ते १९९७ या अठरा हंगामांत फॉर्म्युला वनमधलं संघांचं जगज्जेतेपद, म्हणजे कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद, विल्यम्सने नऊ वेळा जिंकलं. निम्मे हंगाम एकट्या संघाचे! नववं विजेतेपद आलं तेव्हा फेरारीच्या खात्यात आठ होती आणि मॅक्लॅरेनच्या खात्यात सात. त्यानंतर विल्यम्सला एकही मिळालं नाही. एकूण ११४ शर्यती जिंकलेल्या या संघाचा शेवटचा विजय १३ मे २०१२ रोजी बार्सिलोनात पास्तोर माल्दोनादोने मिळवला. २०२० च्या हंगामात तर संघाच्या गुणांची पाटी कोरी राहिली.

मोबाइलवर शर्यती दिसू लागल्यापासून दाभोळ-दापोलीकडची पोरंही फॉर्म्युला वन आवडीने बघतात. विल्यम्स त्यांना माहीत आहे ती बरीच वर्षं तळाशी रेंगाळलेली निळी-पांढरी गाडी म्हणून. ती तळाशी का गेली, याची काही ठरावीक उत्तरं सर्रास दिली जातात. ती ऐकायला पटतात, पण तारखांशी जुळत नाहीत. विल्यम्सची घसरण समजून घ्यायची तर ही उत्तरं एकेक करून तपासायला हवीत.

गैरसमज १: आयर्टन सेन्ना गेला आणि विल्यम्स संपली.

वस्तुस्थिती: १ मे १९९४ रोजी इमोलाच्या शर्यतीत विल्यम्स चालवताना सेन्नाचा मृत्यू झाला. त्या धक्क्यातून संघातली माणसं मनाने कधीच पूर्ण बाहेर आली नसतील. पण त्याच वर्षीचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद विल्यम्सचं होतं. १९९६ साली १६ पैकी १२ शर्यती संघाने जिंकल्या आणि डेमन हिल जगज्जेता झाला. १९९७ साली जाक व्हिलनव्ह झाला. म्हणजे इमोलानंतरच्या चार वर्षांत संघाची तीन विजेतेपदं आणि ड्रायव्हरची दोन. याला संपणं म्हणत नाहीत.

आपल्या दाभोळबद्दलही असंच बोललं जातं: पोर्तुगीजांनी बंदर जाळलं आणि दाभोळ बुडालं. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्कु द आल्मेदाने दाभोळ बेचिराख केलं, हे खरंच आहे. पण बंदर त्यानंतरही शतकाहून जास्त काळ नांदतं होतं. आजही उभी असलेली घुमटाची शाही मशीद, जिला लोक अंडा मशीद म्हणतात, ती १६५९-६० च्या सुमाराची आहे. त्या आगीनंतर दीडशे वर्षांनी बांधलेली. व्यापार सुरतेकडे आणि पुढे मुंबईकडे वळत गेला, तसं दाभोळ मागे पडलं. आगीचा एक दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. गलबतं कमी होत गेली ती वर्षं कुणी मोजत नाही. विल्यम्सचंही नेमकं तेच झालं.

गैरसमज २: मालक अपंग झाल्यामुळे संघावरची पकड सुटली.

वस्तुस्थिती: फ्रँक विल्यम्स यांनी पॅट्रिक हेड या अभियंत्याला बरोबर घेऊन १९७७ साली इंग्लंडमधल्या डिडकॉट इथे गालिच्यांच्या एका रिकाम्या गोदामात हा संघ उभा केला. १९७९ साली सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने पहिला विजय मिळवून दिला आणि १९८० साली अ‍ॅलन जोन्स जगज्जेता झाला. ८ मार्च १९८६ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये पॉल रिकार्डच्या ट्रॅकवरून नीसच्या विमानतळाकडे जाताना फ्रँक यांच्या मोटारीला अपघात झाला. मानेचा मणका मोडला आणि पुढची पस्तीस वर्षं, २०२१ साली निधन होईपर्यंत, ते चाकाच्या खुर्चीत होते.

आता हिशेब करा. नऊ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदांपैकी सात त्या अपघातानंतरची आहेत. ड्रायव्हरच्या सात विजेतेपदांपैकी पाच नंतरची. विल्यम्सचं वैभव ज्याला म्हणायचं ते बहुतेक सगळं त्या खुर्चीतून घडलं आहे. घसरणीचं खापर तिच्यावर फोडणं फ्रँक यांच्यावर मोठा अन्याय आहे.

गैरसमज ३: चांगला ड्रायव्हर मिळाला असता तर संघ वर आला असता.

वस्तुस्थिती: विल्यम्सची सात ड्रायव्हर विजेतेपदं सात वेगवेगळ्या माणसांनी जिंकली आहेत: जोन्स, केके रॉसबर्ग, पिके, मॅन्सेल, प्रोस्ट, हिल आणि व्हिलनव्ह. यातले चौघे, पिके, मॅन्सेल, प्रोस्ट आणि हिल, विजेतेपद मिळवल्यावर पुढच्या हंगामात विल्यम्सच्या गाडीत बसलेही नाहीत. तरी संघ जिंकत राहिला, कारण गाडीच तशी असायची.

१९९२ ची एफडब्ल्यू१४बी घ्या. वळणावर, ब्रेक दाबताना किंवा खड्ड्यावरून जाताना गाडी जमिनीपासून वरखाली होते आणि तळाखालून जाणारी हवा विस्कटते. मग गाडीला जमिनीशी दाबून धरणारा जोर कमी पडतो. विल्यम्सने संगणकावर चालणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन बसवलं. ते क्षणोक्षणी प्रत्येक चाक सावरत असे आणि गाडीची उंची जवळपास एकसारखी ठेवत असे. त्या वर्षी सिल्व्हरस्टोनला पात्रता फेरीत मॅन्सेलने दुसऱ्या क्रमांकावरच्या गाडीला १.९ सेकंदांनी मागे टाकलं. जिथे सेकंदाचा दहावा भागही मोठा, तिथे हे अंतर! आणि तो दुसरा क्रमांक मॅन्सेलचाच सहकारी रिकार्डो पॅट्रेसे याचा होता.

आता उलट बाजू बघा. जॉर्ज रसेलला २०१९ आणि २०२० अशा दोन हंगामांत विल्यम्समधून एकही गुण मिळाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये लुइस हॅमिल्टन आजारी पडला, म्हणून बहारीनच्या साखीर ग्रां प्रीसाठी रसेलला मर्सिडीजने उसना घेतला. हॅमिल्टनच्या मापाच्या कॉकपिटमध्ये पाय मावेनात, म्हणून त्याने एका मापाने लहान बूट घातले. त्या दिवशी त्याने शर्यतीत आघाडी घेतली. मर्सिडीजने टायर बदलताना घोळ घातला आणि नंतर चाक पंक्चर झालं, तरी नववा क्रमांक आणि सर्वांत वेगवान फेरी मिळून तीन गुण त्याने कमावले. माणूस तोच, गाडी बदलली. आणखी काय सांगायला हवं?

गैरसमज ४: पैसा कमी पडला, बाकी काही नाही.

वस्तुस्थिती: पैसा कमी होता, यात वाद नाही. मोटार कंपन्यांच्या मालकीच्या संघांपुढे विल्यम्सची तिजोरी छोटीच होती. पण २०१४ साली याच संघाने मर्सिडीज आणि रेड बुलच्या खालोखाल तिसरा क्रमांक मिळवला आणि कितीतरी श्रीमंत फेरारीला चौथ्या जागी ढकललं. २०१५ सालीही तिसरा. आणि २०१९ साली मर्सिडीजने ७३९ गुण मिळवले तेव्हा मर्सिडीजचंच इंजिन वापरणाऱ्या विल्यम्सला मिळाला एक. एवढा फरक एकट्या पैशाने पडत नाही.

घसरणीची खरी सुरुवात शोधायची तर १९९६ कडे, म्हणजे संघ शिखरावर असतानाच्या वर्षाकडे जावं लागतं. १९९० पासून विल्यम्सच्या गाड्यांची रचना करणाऱ्या एड्रियन न्यूईला संघाच्या मोठ्या निर्णयांत वाटा हवा होता. फ्रँक आणि हेड यांनी तो दिला नाही. हिलला काढण्याचा निर्णयही त्याला न विचारता झाला. न्यूई मॅक्लॅरेनला गेला आणि १९९८ साली मॅक्लॅरेन जगज्जेती झाली. १९९७ च्या अखेरीस रेनॉही कारखान्याच्या पातळीवर या खेळातून बाहेर पडली. डिझायनर गेला, इंजिन गेलं, आणि १९९८ ते २००० या तीन हंगामांत विल्यम्सला एकही शर्यत जिंकता आली नाही.

दुसरी संधी इंजिन पुरवणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या रूपाने आली. २००३ साली संघ चार शर्यती जिंकून दुसरा आला. बीएमडब्ल्यूला पुढे संघच विकत घ्यायचा होता. फ्रँक आणि हेड यांनी नकार दिला. २००५ साली बीएमडब्ल्यूने साउबर घेतला आणि २००६ साली विल्यम्स कॉसवर्थचं इंजिन लावून आठव्या क्रमांकावर गेली. कुणाचं मिंधं व्हायचं नाही, हा फ्रँक यांचा बाणा. गोदामातून जगज्जेतेपदापर्यंत त्यांना त्यानेच नेलं होतं. पण इंजिन आणि गाडी एकाच छताखाली बनवणाऱ्या कंपन्यांच्या काळात तोच बाणा महाग पडला. मला त्याबद्दल आदरच वाटतो, पण त्याची किंमत संघाने मोजली हेही सांगायलाच हवं.

आणि तिसरं कारण आतलं, कामाच्या पद्धतीचं. २०२३ च्या सुरुवातीला मर्सिडीजहून संघप्रमुख म्हणून आलेल्या जेम्स व्हाउल्स यांना काय दिसलं? गाडीच्या सुमारे २०,००० सुट्या भागांची यादी एका एक्सेल तक्त्यात. कुठला भाग कितीला पडतो, बनायला किती दिवस लागतात, तयार किती आहेत, याचा त्यात पत्ता नाही. मार्च २०२४ मध्ये मेलबर्नला अ‍ॅलेक्स अल्बनने सरावात गाडी ठोकली तेव्हा संघाकडे जादा सांगाडाच नव्हता. मग सहकारी लोगन सार्जंटची धडधाकट गाडी काढून अल्बनला द्यावी लागली आणि चूक नसताना सार्जंट बाकावर बसला. २०१९ साली तर बार्सिलोनातल्या हंगामपूर्व चाचणीचे पहिले दोन दिवस गाडीच तयार नव्हती. ज्या संघाने कधीकाळी संगणकाला सस्पेन्शन सांभाळायला लावून सगळ्यांना मागे टाकलं, तोच सुट्या भागांच्या हिशेबात अडकला.

गैरसमज ५: मुलीच्या हाती कारभार आला आणि वाटोळं झालं.

वस्तुस्थिती: क्लेअर विल्यम्स २०१३ साली उपप्रमुख झाल्या आणि दैनंदिन कारभार बघू लागल्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत संघ तिसरा आला. त्याआधीच्या दशकात असा क्रमांक मिळाला नव्हता. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं दहावा, म्हणजे शेवटचा क्रमांक आला तोही बहुतांशी त्यांच्याच काळात, आणि त्याची जबाबदारी त्यांच्याकडे जाते. पण न्यूई गेला, बीएमडब्ल्यू गेली, कारखाना जुना होत गेला, हे सगळं त्यांच्या आधीचं आहे. मर्सिडीजच्या जोरदार इंजिनाने दोन वर्षं ते झाकून ठेवलं. इतरांची इंजिनं सुधारली आणि ते उघडं पडलं.

गैरसमज ६: संघ अजून विल्यम्स घराण्याचाच आहे, आणि आता त्यात काही राम नाही.

वस्तुस्थिती: ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डोरिल्टन कॅपिटलने संघ विकत घेतला आणि ६ सप्टेंबर २०२० ची मोंझाची शर्यत घराण्याची शेवटची ठरली. उरलं ते नाव. राम नाही म्हणाल, तर विद्युत मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत पहिल्या चार हंगामांतल्या सगळ्या गाड्यांची बॅटरी विल्यम्सच्याच अभियांत्रिकी कंपनीने बनवली होती. आपल्या महिंद्राची गाडीही तीच बॅटरी घेऊन धावली. २०२१ पासून फॉर्म्युला वनमध्ये खर्चाला मर्यादा आली आणि श्रीमंत संघांचा हात थोडा आखडला. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकूला कार्लोस साइन्झने विल्यम्सला तिसरा क्रमांक मिळवून दिला आणि तो हंगाम संघाने पाचव्या क्रमांकावर संपवला.

थोडक्यात, विल्यम्सला कुणी एकाने बुडवलं नाही आणि कुठल्या एका दिवसात ती बुडाली नाही. जिंकत असताना जे टिकवायला हवं होतं आणि जे बदलायला हवं होतं, ते दोन्ही राहून गेलं. आज वरच्या क्रमांकावर असलेल्या प्रत्येक संघाने यातून शिकण्यासारखं आहे, कारण विल्यम्सची घसरण सुरू झाली त्या वर्षी ती १६ पैकी १२ शर्यती जिंकत होती.