चला, लाव्ह्यावरून सायकल चालवू!

दोस्तांनो, आधी नकाशा उघडा आणि इटली शोधा. तिच्या दक्षिण टोकाला लागून सिसिली नावाचं तिकोनी बेट दिसेल. या बेटावर एटना नावाचा ज्वालामुखी आहे. उंची तीन किलोमीटरहून जास्त, आणि आजही तो अधूनमधून लाव्हा ओकतो. तरीही त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत! जगभरातून लोक तिथं येतात, सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या अडकवतात आणि मळ्यांमधून, जुन्या देवळांवरून, काळ्या दगडांच्या रानातून दिवसचे दिवस भटकतात.

बीड जिल्ह्यातल्या मुलांना अशा भटकंतीसाठी सिसिलीला जायची गरजच नाही. खोटं वाटतं? अहो, तुमच्या पायाखालचा अख्खा डोंगर लाव्ह्याचा आहे, द्राक्षांच्या जागी सीताफळं आहेत आणि जुनी देवळं, लेणी, विहिरी तर वाटेवर हात जोडून उभ्या आहेत. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, कपिलधार बघायचं आणि नेकनूर, केजवरून अंबाजोगाई गाठायची. मधे एक मुक्काम केला तर अगदी आरामात होतं.

निघाल्यावर पहिला थांबा खजाना विहिरीचा. बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर गेलं की ही गोल, दगडी विहीर येते. 1582 साली, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात राजा भास्कर नावाच्या कारागिरानं ती बांधली. हिची ख्याती अशी, की दुष्काळ पडला तरी ती आटत नाही. कशी काय?

काठावर उभं राहून आत नीट बघा. भिंतीत बोगद्यांची तोंडं दिसतील. काही बोगदे जमिनीखालचं पाणी गोळा करून विहिरीत आणतात आणि एक बोगदा ते पुढं शेतांकडे घेऊन जातो. ना पंप, ना मोट. बोगद्याला बेतशीर उतार दिलाय, त्यामुळे पाणी आपल्या वजनानंच चालत राहतं. शिवाय वाट जमिनीखालून, त्यामुळे मराठवाड्याचं ऊन पाण्याला पिऊन टाकू शकत नाही. असेच जमिनीखालचे पाण्याचे बोगदे इराणात आहेत आणि आपण मघाशी नकाशात पाहिलेल्या सिसिलीतही! पालेर्मो शहराच्या पोटात अरबांच्या काळापासूनचे असे बोगदे आहेत. जिथं पाऊस कमी, तिथं माणसांचं डोकं सारख्याच वाटेनं चालतं.

आता घाट. इथं पाय बोलायला लागतात.

थोडं गणित करू. समजा तुम्ही आणि तुमची सायकल मिळून 50 किलो. तुम्हाला 100 मीटर उंची चढायची आहे. वजन वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे 50 गुणिले 10 गुणिले 100, म्हणजेच 50,000 ज्यूल. (मधला 10 हा पृथ्वीच्या ओढीचा आकडा, हिशेबाच्या सोयीसाठी 9.8 चा 10 केला.) आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातली साधारण पाव ऊर्जाच पायडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे अन्नातून हवेत सुमारे 2,00,000 ज्यूल. खूप वाटतात ना? पण एवढी ऊर्जा आठ ग्रॅम शेंगदाण्यांत असते. म्हणजे जेमतेम पंधरा-वीस दाणे! वारा आणि टायरचं घर्षण यांच्यासाठी वर थोडा गूळ घ्या. मला हा हिशेब फार आवडतो. अख्खा घाट मुठीत मावतो.

मग एवढी धाप का लागते? कारण ती ऊर्जा थोड्या वेळात द्यावी लागते. म्हणूनच घाटाचा रस्ता सरळ वर न जाता वळणं घेत जातो. उंची तेवढीच, पण रस्ता लांब झाला की प्रत्येक पायडलला जोर कमी लागतो. सायकलचे गिअरही हेच करतात. पुढच्या चक्राला 32 दात आणि मागच्याला 16 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं. मागं 32 दातांचं चक्र घेतलं, तर एकदाच. सायकल निम्मीच पुढं जाते, पण जोरही निम्माच लागतो. घरातल्या साध्या सायकलचे दात आज मोजून पाहा बरं, किती फेरे येतात ते.

आणि ती उष्णता होऊन गेलेली पाऊण ऊर्जा? ती बाहेर टाकायला शरीर घाम गाळतं. बीडची हवा कोरडी, त्यामुळे घाम लगेच उडून जातो आणि आपल्याला घाम येतोय हे कळतही नाही. थांबलं की सदरा एकदम ओला होतो. म्हणून तहान लागायची वाट न बघता घोटघोट पाणी प्यायचं.

घाट चढताना एक गोष्ट गाडीत बसून कधीच कळत नाही, पण पायांना बरोबर कळते. चढ सलग नसतो. दम काढणारा चढ, मग जरा सपाटी, मग पुन्हा चढ. वर पोचलं तर टोक नाहीच, लांबच लांब माळ. बालाघाटाच्या डोंगराला टोकं का नाहीत?

एटनाचा लाव्हा त्याच त्या जागेवरून पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि तिथंच साचत गेला, म्हणून तिथं शिखर झालं. आपल्याकडे तसं झालं नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपण्याच्या सुमारास, इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. त्यांतून पातळ लाव्हा आला आणि दूरवर पसरला. थंड झाला. काही काळानं त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. भाकरीवर भाकरी ठेवून चळत करावी तसे थरावर थर. पश्चिमेला सह्याद्रीत ही चळत दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे. नंतर पावसानं आणि नद्यांनी ती कडेकडेनं कुरतडली. टणक थर टिकले, त्यांच्या सपाट्या झाल्या. ठिसूळ थर झिजले, त्यांचे उतार झाले. तुमच्या पायांनी मोजल्या त्या याच पायऱ्या!

पुरावा हवा? रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथं सुरक्षित जागा बघून थांबा आणि कापलेल्या भिंतीकडे नजर टाका. काळ्या दगडाच्या दोन थरांमधे कधी कधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड होऊन उघडा पडला, ऊनपावसानं त्याची माती झाली, मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. दोन लाव्ह्यांच्या मधली उसंत त्या वीतभर लाल पट्ट्यात अडकून बसली आहे.

मांजरसुंब्याजवळ दरीत कपिलधार आहे. संत मन्मथस्वामींची समाधी इथंच. पावसाळ्यात इथला धबधबा कोसळतो तो असल्याच टणक थराच्या काठावरून. खालचा मऊ भाग पाणी पोखरत जातं आणि वरचा कडा तसाच पुढं आलेला राहतो. पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा मोठा धबधबाही असाच घडलाय. त्या बाजूला गेलात तर नायगावचं मोरांचं अभयारण्य चुकवू नका.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत या डोंगरांवर सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ‘बीडचं सीताफळ’ हे नाव आता कायद्यानं राखलेलं आहे. झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, पण आपल्या बरड, मुरमाड रानात असं रुळलंय की जणू इथंच जन्मलं. सिसिलीतली द्राक्षवेल थंडीत पानं गाळून झोपते, सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतं आणि पाणी वाचवतं. पानं कडवट, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. मोकळ्या माळावर टिकायला आणखी काय हवं?

एक सीताफळ हातात घ्या. प्रत्येक ‘डोळा’ म्हणजे एक वेगळं छोटं फळ! सीताफळाच्या एका फुलात कितीतरी स्त्रीकेसर असतात. फूल जाड, हिरवट, तीन पाकळ्यांचं. वासावर भुलून बारीक भुंगेरे आत शिरतात आणि अंगाला लागलेले परागकण पोचवतात. ज्या केसराला परागकण मिळाला तो फुगतो, त्यात गर भरतो, बी धरते. ज्याला नाही मिळाला तो तसाच राहतो. म्हणून एखादं सीताफळ एका अंगाला भरलेलं आणि दुसऱ्या अंगाला चेपलेलं असतं. त्या बाजूला भुंगेरा पोचलाच नव्हता! आणि हो, बिया फोडू नका, त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते.

दसरा-दिवाळीच्या याच दिवसांत रस्त्यावर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रॅक्टर दिसतील. संसार वर बांधलेला असतो आणि त्यावर तुमच्याच वयाची मुलं बसलेली असतात. त्यांना हात नक्की करा.

अंबाजोगाईला पोचलात की योगेश्वरीचं दर्शन घ्या आणि हत्तीखाना बघायला जा. ही लेणी बांधलेली नाहीत, त्याच काळ्या लाव्ह्यातून कोरून काढलेली आहेत, दगडी हत्तींसकट. ज्यांनी 1188 साली ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ लिहिला त्या मुकुंदराजांची समाधी इथल्याच दरीत आहे. आणि दासोपंतांची पासोडी! सुमारे 40 फूट लांब कापडावर त्यांनी हातानं ग्रंथ लिहून काढला. तो चारशे वर्षांनंतरही जपलेला आहे.

आता पुन्हा नकाशा. एक पट्टी घ्या. तिचं एक टोक पैठणवर, दुसरं धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर ठेवा. मधोमध कोणतं गाव आलं? बीड! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या खलाशानं ‘पेरिप्लस’ नावाची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात तो सांगतो की पैठणहून तगर, म्हणजे आपलं तेर, पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात येतो. सरळ रेषेत हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे रोजचे पंधरा. भरलेल्या गाडीचा बैल तेवढंच चालणार! त्याच भडोचला इटलीहून द्राक्षांची दारू यायची. आणि तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली इटलीत पाँपेई शहरात सापडली आहे. ते शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं होतं.

निघण्याआधी ब्रेक तपासा. घाट चढताना खर्चलेले 50,000 ज्यूल उतरताना वेग होऊन परत येतात आणि ब्रेक त्यांची उष्णता करतात. लांब उतारावर रिम चांगलीच तापते, तिला हात लावू नका. सोलापूर रस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, म्हणून मोठं माणूस बरोबर हवंच, आणि डोक्यावर हेल्मेटही. सीताफळं विकत घेऊन खा, कुणाच्या रानातली तोडू नका. बिया मात्र फेकू नका. जपून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात एखाद्या मोकळ्या माळावर पेरा.