सायरन ओरडतो कसा?

सायरनच्या पोटात तार नसते, चामड्याचा पडदा नसतो, पेटीतल्यासारखे पितळी सूरही नसतात. तिथे वाजते ती नुसती हवा. चालत्या टेबलफॅनसमोर तोंड नेऊन लहान मूल ‘आऽऽ’ करते, तेव्हा त्याचा आवाज तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो. सायरन हेच हवेच्या झोताचे करतो. झोत सोडायचा, लगेच अडवायचा, पुन्हा सोडायचा. असे शेकडो तुकडे सेकंदाला कानावर आदळले की आपल्याला एक सलग सूर ऐकू येतो.

ही युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. स्कॉटलंडचे जॉन रॉबिसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नळीतल्या हवेची झटपट उघडझाप करून सूर काढला. १८१९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल कान्यार द ला तूर यांनी भोके पाडलेल्या दोन चकत्या एकावर एक बसवल्या. वरची चकती हवेच्याच जोराने फिरे आणि भोकासमोर भोक आले की हवा सुटे. फेरे मोजण्याची सोयही त्यात होती, त्यामुळे कोणत्या सुराला सेकंदाला किती कंप लागतात हे कळू लागले. सायरनचा हा अवतार प्रयोगशाळेतला, मोजमापासाठीचा. अख्ख्या शहराला जागे करण्याचा दम त्यात पुढे विजेच्या मोटरने भरला.

मोटरच्या सायरनचे झाकण काढले तर मुख्य भाग दोनच दिसतात. बाहेर एक स्थिर पिंजरा आणि त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर खिडक्या. आत मोटरच्या दांड्यावर बसवलेला रोटर, त्याच्याही कडेला खिडक्या आणि पोटात पाती. रोटर फिरू लागला की पाती हवा आत ओढतात आणि कडेकडे भिरकावतात. खिडकीसमोर खिडकी आली की हवा उसळून बाहेर पडते, आड भिंत आली की कोंडते. रोटर आणि पिंजरा यांच्यातली फट अगदी बारीक ठेवावी लागते. ती रुंदावली तर अडवलेली हवाही गळत राहते आणि आवाजातला जोर जातो.

सूर किती उंच लागणार, हे साध्या गुणाकारावर ठरते: खिडक्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे. समजा, मोटर मिनिटाला २,८८० म्हणजे सेकंदाला ४८ फेरे घेते. खिडक्या १० असतील तर सूर ४८० कंपांचा आणि १२ असतील तर ५७६ कंपांचा. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक ब्रिटिश सायरनांना एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला १२ खिडक्या असत. हे प्रमाण षड्ज आणि कोमल गंधाराचे. ते दोन्ही सूर एकदमच कानावर पडत.

आता त्या ओळखीच्या चढउताराकडे येऊ. बटण दाबल्याबरोबर जड रोटर पूर्ण वेग घेऊ शकत नाही. त्याला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ सूर तळातून वर चढत जातो. वीज तोडली तरी तो लगेच थांबत नाही. वेग ओसरेल तसा सूर उतरतो. पुरता थांबण्याआधी पुन्हा वीज दिली की पुन्हा चढ. ही चाल कोणी बसून बांधलेली नाही, ती धातूच्या जडत्वातून आपोआप निघाली. ब्रिटनने हाच चढउतार हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी ठरवला आणि धोका टळल्याची खूण म्हणून एकसलग सूर. दोन्हींसाठी यंत्र तेच. वीज तोडत-जोडत राहायची की चालू ठेवायची, एवढाच फरक. शिवाय सलग आवाजाला कान सरावतो, बदलता आवाज स्वस्थ बसू देत नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध जाहीर केले आणि थोड्याच वेळात लंडनमध्ये सायरन घुमले. त्या दिवशी हल्ला झाला नाही, पण पुढे लंडनकरांनी या आवाजाच्या भरवशावर रात्रीमागून रात्री काढल्या.

युद्धानंतर अणुबॉम्बच्या धास्तीने अमेरिकेत आणखी दूर पोचणारे सायरन हवे झाले. १९५२ मध्ये तिथे दोन वेगळे मार्ग दिसले. क्रायस्लरने १८० अश्वशक्तीचे मोटारीचे इंजिन जोडून १०० फुटांवर १३८ डेसिबलचा आवाज काढला. फेडरल कंपनीच्या ‘थंडरबोल्ट’ने कामांची वाटणी केली: हवा पुरवायला ब्लोअर, झोत कापायला रोटर, कर्णा गोल फिरवायला तिसरी मोटर. साध्या सायरनचा वेग उतरला की हवाही कमी पडते आणि आवाज बसतो. थंडरबोल्टचा ब्लोअर मात्र सूर उतरतानाही पूर्ण जोराने चालतो, म्हणून आवाजातला दम टिकतो.

आज स्पीकरचे सायरन शब्दांत सूचनाही देतात. तरी फिरते सायरन अजून कामावर आहेत. त्यांना निगा लागते: बेअरिंगला ग्रीस हवे, खिडक्यांत घरटे नको, मोटर वेळच्या वेळी फिरवून पाहायला हवी. माणसांनाही तालीम हवी. भारताच्या नागरी संरक्षण दलाचे संकेतही चढउतार आणि सलग सूर हेच आहेत. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावातही सायरन वाजवले गेले. चढउतार ऐकला की आडोसा गाठायचा, सलग सूर ऐकला की बाहेर पडायचे. घरातल्या पोराबाळांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळ्यांना एवढे पाठ असेल, तरच त्या यंत्राचे ओरडणे कामी येईल.